तापवणीच्या फेऱ्या

आमच्या घरात पेढे वाटायची घाई फार. मी बारावीला बोर्डात पहिली आले अशी आवई उठली तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते. संध्याकाळी कळलं, की पहिली आलेली मुलगी पद्मजा सरनोबत नव्हती, पद्मजा सरदेसाई होती. तेव्हापासून मी पेढ्यांना जरा बिचकूनच असते. म्हणून गाळणीचा आकडा आला त्या सकाळी दादानं फोनवरूनच पेढ्यांची ऑर्डर सोडली तेव्हा मी म्हटलं, "अरे, कोइंबतूरची चाचणी तरी होऊ दे."

"पदे, तू कॉलेजात फिजिक्स शिकव. इथं अपशकुन करू नको," दादा म्हणाला. "ब्याण्णव आलाय पोराचा. साऱ्या आशियात यंदा एवढा आकडा कुणाचा न्हाई."

पोर म्हणजे विश्वजित, माझा सोळा वर्षांचा भाचा. दादाचा औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्हचे सुटे भाग करायचा कारखाना आहे, आणि कोल्हापुरात ज्याच्याकडे लेथ मशीन असतं त्याला कधी ना कधी रेसगाडीचं वेड लागतंच. विशू ज्युनियर गटातली एका माणसाची रेसगाडी चालवायचा. चाकं उघडी, पोट जमिनीला घासतंय की काय असं वाटावं इतकी बुटकी. शर्यतीत गाडी समोरून जाताना भिंतीवरून त्याला आकड्यांची फळी दाखवायची, एवढंच काम माझ्याकडे होतं. अविवाहित आत्या घरात असली की अशी कामं तिच्याकडे आपोआप येतात.

आता ही गाळणी काय, ते सांगते. तिचं खरं नाव लांबलचक आहे आणि ते कुणी घेत नाही. रेसिंगच्या जगात एक जुनी अडचण होती. कुठला पोरगा खरा गुणी आहे ते कळायचं नाही. जिंकणाऱ्याचं इंजिन नवं असायचं, नाहीतर त्याचं वजन कमी असायचं, नाहीतर त्याचा बाप रोज सराव करवून घेऊ शकायचा. युरोपातल्या अकादम्या मुलं निवडायच्या आणि निम्मी फुसकी निघायची.

गाळणी हे सगळं वजा करते. प्रत्येक गाडीची एक हुबेहूब जुळी गाडी तिच्या गणितात पळत असते. खऱ्या गाडीच्या टायरचं तापमान, वारा, डांबराची ऊब, टाकीतलं पेट्रोल, सगळं क्षणोक्षणी त्या जुळीला कळवलं जातं. मग गाडीनं आपल्या बळावर जे केलं ते बाजूला काढलं, की उरतो तो फक्त चालवणाऱ्याचा हात. चहा गाळल्यावर चोथा मागं राहतो तसं, फक्त इथं चोथाच मोलाचा. म्हणून नाव गाळणी.

त्यातही ती शोधते एकच गोष्ट. टायर घसरायच्या अगदी आधी एक बारीकशी थरथर सीटमधून अंगात येते. बहुतेकांचे हात घसरल्यावर हलतात. हजारातल्या एखाद्याचा हात घसरायच्या आधीच, नकळत, तेवढ्यापुरता हलतो. याला रेसिंगमधली आपली माणसं चाहूल म्हणतात. ती शिकवून येत नाही, असं निदान आजवर दिसलंय.

गाडीतली छोटी काळी डबी दोन वर्षं प्रत्येक फेरी टिपत होती, शर्यतीची आणि सरावाचीही. त्यातून विशूचा ब्याण्णव आकडा आला होता. अशाच एका युरोपातल्या अकादमीत भारतातून एकच जागा होती, आणि तिची शेवटची चाचणी कोइंबतूरला व्हायची होती. त्या जागेसाठी दादानं गेली काही वर्षं दुसरं काही मनात आणलं नव्हतं. पेढे वाटले गेले. वहिनीनं देवापुढे साखर ठेवली, आणि एवढ्या लांब पोरगं जाणार म्हणून ती रडलीही.

शाल्मलीनं मात्र पेढा खाताना विचारलं, "पप्पा, कोइंबतूरला टायर कोण तापवणार?"

शाल्मली विशूची थोरली बहीण. वीस वर्षांची, कॉमर्सला. लहानपणी घरातली पहिली कार्ट, म्हणजे पोरांची छोटी रेसगाडी, तिचीच होती. ती चौदाची झाली तेव्हा विशू दहाचा झाला, आणि घरात एकच कार्ट होती. दादा तिला म्हणाला, "तू थोरली, तू शाणी." ती शहाणी होती, म्हणून तिनं कार्ट दिली. मी तेव्हा दादाशी दोन दिवस बोलले नव्हते. त्यानं काही बदललं नाही.

पण ट्रॅकवरून ती गेली नाही, कारण टायर. नव्या कोऱ्या टायरवर साच्यातून आलेलं एक निसरडं आवरण असतं. तो थेट शर्यतीत पळवला तर लवकर मरतो. आदल्या दिवशी त्याला हळूहळू, सगळीकडून सारखा तापवायचा, एकदाही घसरू द्यायचा नाही, आणि मग रात्रभर गार होऊ द्यायचा. मग तो टिकतो. हे काम कंटाळवाणं. विशूला त्याचा भारी वैताग, तो पहिल्याच वळणाला गाडी आडवी करायचा. म्हणून दादानं ते शाल्मलीकडे दिलं. नियमही घालून दिला, की वेग वाढवायचा नाही, फक्त तापवायचं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ती विशूच्या गाडीत बसायची. या गाड्यांची सीट चालवणाऱ्याच्या अंगाच्या मापानं फेस ओतून बनवतात. विशूच्या सीटमध्ये ती एका बाजूला टॉवेलची घडी घालायची, तरी कमरेच्या हाडावर कायमचा काळानिळा डाग होता. संथ फेऱ्या मारून ती खाली उतरायची, हातमोजा काढून तळव्याची मागची बाजू चारही टायरना लावायची आणि म्हणायची, "झालेत. उद्यापर्यंत गार होऊ देत."

"शालूनं तापवलेलं टायर दोन शर्यती जास्त जातंय," दादा सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. "पोरीच्या हाताला गुण हाय."

लोणच्याबद्दल बोलावं तसं तो बोलायचा. आम्हीही तसंच ऐकायचो.

कोइंबतूरजवळच्या ट्रॅकवर अकादमीचा माणूस भेटला तो केतन बोरस्ते, नाशिकचा, तिशीतला, हळू बोलणारा. मराठी माणूस बघून दादा खूष झाला. चाचणी सोपी होती. गाडी अकादमीची, सगळ्यांना एकच. विशूसाठी नवी सीट ओतली आणि तो निघाला. चांगली चालवली त्यानं. फळी धरून धरून माझ्या डोळ्यांना वेग कळतो, पोरगं झकास जात होतं. दादा दर फेरीला भिंतीवर थाप मारत होता.

बोरस्ते खोलीतून बाहेर आला तो जमिनीकडे बघत.

"सर, मुलगा चांगला आहे," तो म्हणाला. "पण आम्ही ज्याला बोलावलं, तो हा नव्हे."

"म्हंजे? आधार कार्ड दाखवू काय?" दादा म्हणाला.

"तसं नाही. हात अक्षरासारखा असतो सर, ओळखू येतो. यांचा आकडा येतोय चौसष्ट. चांगला आहे, पण असे पुष्कळ असतात. तुमच्या गाडीच्या नोंदींत दोन हात आहेत. एक यांचा. दुसरा फक्त संथ फेऱ्यांमध्ये दिसतो, आणि ब्याण्णव आलाय तो त्याच्यामुळे. गाडी तापलेली असली की ती चालवणाऱ्याचं पुष्कळ सांभाळून घेते. थंड टायरवर ती काहीच सांभाळत नाही, तिथं चाहूल स्वच्छ दिसते. माणसं संथ फेऱ्या मोजत नाहीत, यंत्र मोजतं. तुमच्या गाडीत आणखी कोण बसतं?"

"कोण न्हाई," दादा म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. मला आजही त्याच गोष्टीचं सगळ्यात वाईट वाटतं. त्याला खरोखर कुणी आठवलं नाही.

विशूनं हेल्मेट काढलं होतं. घामानं केस कपाळाला चिकटलेले. तो म्हणाला, "पप्पा, तापवायला ताई बसते की."

शाल्मली तेव्हा विशूचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन सावलीत उभी होती. सगळे आपल्याकडे का बघतात ते तिला कळेना. तिला वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं. "मी वेग न्हाई वाढवला कधी," ती बोरस्तेला म्हणाली.

तिच्यासाठीही सीट ओतली. पिशवीत दोन रसायनं मिसळतात, तिच्यावर बसायचं, आणि फेस पाठीमागून, कमरेभोवती फुगत वर येतो. ती हसायला लागली. "आत्या, गरम लागतंय. गुदगुल्या व्हायला लागल्यात." तिच्या मापाची ती पहिली सीट. टॉवेल लागला नाही.

थंड टायरवर ती निघाली. आम्ही आत पडद्यासमोर. मी फिजिक्स शिकवते, मला त्या रेषा वाचता येत होत्या. घसरण्याची रेषा वर यायला लागायची आणि तिच्या हाताची रेषा त्याआधीच तिथं येऊन थांबलेली असायची. प्रत्येक वळणावर. मी उभ्या आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. ते मी दादाला सांगायला वळले, तर तो पडद्याकडे बघतच नव्हता. खिडकीतून गाडीकडे बघत होता.

बोरस्तेनं माइक घेतला. "ताई, टायर तापले. आता पूर्ण वेगात जा."

तिचा आवाज आला. "किती?"

"जाईल तेवढी."

"पप्पांना विचारा."

बोरस्तेनं माइक दादापुढे धरला. दादानं बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. "जा," तो म्हणाला.

ती गेली. तिच्या फेऱ्यांना असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. पहिल्या दोन फेऱ्यांत ती चुकली, ब्रेक कुठं मारायचा ते तिला माहीत नव्हतं, एवढ्या वेगानं ती कुठल्याच वळणावर कधी पोचली नव्हती. मग सुधारत गेली. शेवटी विशूच्या वेळेच्या जवळ आली. विशू भिंतीवर चढून दोन्ही हात हलवत होता, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक काहीबाही बोलले. तो मनापासून हलवत होता.

उतरल्यावर ती माझ्याकडे आली. "आत्या, हे असं असतंय होय?" म्हणाली, आणि रडायला लागली. मी तिला धरलं. मला तरी दुसरं काय येतं?

तिचा आकडा शहाण्णव आला. बोरस्ते म्हणाला, इतका त्यानं स्वतः कधी पाहिला नव्हता. मग त्यानं वय विचारलं. दादानं सांगितलं. बोरस्तेनं पेन खाली ठेवलं.

"काय झालं?" दादा म्हणाला. "पोरीस्नी घेत न्हाईत काय?"

"घेतात सर. मुलगे-मुली असं काही नाही. वय आहे." त्यानं समजावून सांगितलं. चाहूल जन्माची असते, पण वेग अंगात मुरावा लागतो. तेरा-चौदा ते सतरा या वयात मेंदूतल्या नसांवर एक वेष्टण चढत असतं. त्या काळात जे रोज केलं ते हाताला कायमचं कळतं. नंतर शिकता येतं, पण ते शिकलेलंच राहतं, विचार करून केलेलं. त्या वेगात विचाराला वेळ नसतो. गाळणी पुढचा आलेखही काढते. शाल्मलीचा आलेख आहे तिथंच आडवा पळत होता. "सतराच्या वर आम्ही कुणालाच घेत नाही. मी पाठवलं तरी वरून परत येईल."

"सहा वर्षांमागं असती तर?" दादानं विचारलं.

मला वाटलं, याचं तोंड धरावं. कारण गाळणीला हे विचारता येतं, आणि ती उत्तर देते.

"ते जाऊ द्या सर," बोरस्ते म्हणाला.

"सांगा."

बोरस्तेनं बटणं दाबली. पडद्यावर दुसरी रेषा निघाली. ती वर गेली आणि पडद्याच्या कडेपर्यंत वरच जात राहिली. "तर तिच्यासाठी सगळ्या अकादम्यांनी रांग लावली असती," तो म्हणाला. दादा खुर्चीत बसला. पाणी मागितलं आणि प्यायला विसरला.

येताना बेळगाव मागे पडल्यावर विशू म्हणाला, "मी सोडतो रेसिंग."

शाल्मली पुढच्या सीटवरून मागं वळली. "गप ए. चौसष्ट काय कमी हाय? मला अकाउंटला कधी पडलेत का चौसष्ट?"

तो हसला नाही. घरी आल्यावर किती तरी दिवस तो तिच्यासमोर जेवायला बसेना. ती ताट घेऊन त्याच्या खोलीत जायची आणि तिथंच बसून जेवायची. दादा कारखान्यातून उशिरा यायला लागला. वहिनीला आम्ही सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दादाला फक्त एवढंच विचारलं, "तिनं कवा हट्ट केला न्हाई, म्हणून व्हय?" त्यावर तो अंगणात निघून गेला.

मग बोरस्तेचा फोन आला. अकादमीला कोइंबतूरला एक माणूस हवं होतं. रोज सकाळी पोरांच्या चाचण्या सुरू व्हायच्या आधी त्या दिवशीचा ट्रॅक, टायर, हवा गाळणीला दाखवावी लागते. त्यासाठी एक भरवशाचा हात लागतो, ज्याच्याशी ती बाकीचे हात ताडून बघते. आजवर यंत्राचा हात वापरायचे, पण शाल्मलीचा त्याहून चोख होता. नोकरी कायमची. फोन स्पीकरवर होता.

"म्हंजे तिनं गार टायरवर फेऱ्या मारायच्या," दादा म्हणाला. "आणि मग दुसऱ्याची पोरं बसणार."

"हो सर."

"म्हंजे परत तापवायलाच."

दादा फोन ठेवणार तेवढ्यात शाल्मली म्हणाली, "मी जातो." आमच्याकडच्या पोरी येतो-जातोच म्हणतात, आणि म्हणताना ठाम असतात.

मी तिला एकटीला गाठून म्हटलं, "अगं, रोज ते बघवेल का तुला? तेरा-तेरा वर्षांची पोरं येणार."

"कुणीतरी बघायलाच पायजे की आत्या. एखादी पोरगी डबा धरून सावलीत उभी असली तर तिला मी बसवीन." मग ती म्हणाली, "आणि इथं राहून काय करू? पप्पा माझ्याकडं बघत पण न्हाईत."

ती निघायच्या आदल्या दिवशी शनिवार होता. रविवारी माळावरच्या आमच्या ट्रॅकवर विशूची शर्यत. दादानं सकाळीच सगळ्यांना तिथं नेलं. ट्रॅक रिकामा होता, त्यानं दुपारपर्यंत मागून घेतला होता. विशूच्या गाडीला नवे कोरे टायर चढवलेले, शर्यतीसाठी आणलेले तेच. आणि गाडीत विशूची सीट नव्हती. कोइंबतूरहून आणलेली शाल्मलीची सीट दादानं रात्री स्वतः बसवली होती.

"आजचा दिवस तुझा," तो तिला म्हणाला. सहा वर्षांत न बोललेलं सगळं त्याला एका वाक्यात सांगायचं होतं आणि ते त्याला जमत नव्हतं. "वाट्टेल तेवढी पळव. घासून संपव टायर. मी हाय."

विशूनं तिला हेल्मेट दिलं. मी भिंतीवर उभी राहिले. फळीवर लावायला पाट्या होत्या त्या आकड्यांच्या आणि विशूच्या नावाच्या. मी उलट्या बाजूला खडूनं 'शाल्मली' लिहिलं.

पहिली फेरी संथ गेली. ते ठीक होतं, टायर गार होते. दुसरीही संथ गेली. तिसरीला मी कान टवकारले. इंजिनाचा तोच सूर, जुनाच, शनिवारचा. दादा भिंतीवरून वाकून हात हलवत होता, जा, जा. ती समोरून गेली. फळीवरचं नाव तिनं वाचलं असावं, कारण हात किंचित वर केला. वेग वाढला नाही. पुढच्या फेरीला दादा पुन्हा वाकला. त्याच्या पुढच्या फेरीला त्यानं हात खाली घेतला.

ती आत आली. उतरली, हातमोजा काढला, तळव्याची मागची बाजू चारही टायरना लावली.

"झालेत," ती म्हणाली. "उद्यापर्यंत गार होऊ देत."

"अगं, तुझ्यासाठी होते ते," दादा म्हणाला.

"उद्या विशूची रेस हाय, पप्पा."

तिनं आपली सीट काढून घेतली, विशूची जागेवर बसवली, आणि माझ्या गाडीत येऊन बसली. सीट मांडीवर. कोइंबतूरला लागणार होती. मला तिचा राग आला होता, खरंच आला होता. मी म्हटलं, "शालू, एकदा तरी पळवायचीस. त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी."

ती सीटच्या कडेला सुटलेला फेस नखानं काढत होती.

"आत्या, तिकडं एकदा गेलो ना वेगात, तवापासून रोज ऐकू येतंय ते. आज परत गेलो असतो तर मला पप्पांना माफ करता आलं नसतं. आणि मला करायचंय."

मी गाडी सुरू केली. फाटकाशी वळताना मागं बघितलं. विशू फळीवरचं नाव न पुसता फळी उचलून आत नेत होता. दादा मात्र गाडीजवळ गुडघ्यांवर बसला होता, एका टायरवर हात ठेवून. मी वहिनीला घ्यायला तासाभरानं परत आले. टायर केव्हाच गार झाला असणार, पण त्याचा हात अजून तिथंच होता.